क्रोटनचे रंग आणि अवसरीचे हवामान

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरावर मुसळधार कोसळणारा पाऊस मंचरच्या बाजूस उतरून अवसरी खुर्दच्या शिवारात पोहोचेपर्यंत हात बराच आखडता घेतो. आणि मोलुकाच्या दमट बेटांचे रहिवासी असलेले, रुम्फियस या वनस्पतिज्ञाने सतराव्या शतकात ज्याचे वर्णन लिहून ठेवले, ते क्रोटन येथील अंगणात नांदवायचे, तर पहिली तजवीज हवेतील ओलाव्याची व मुळांखालच्या मातीची करावी लागते. खताची बाब त्या मानाने गौण.

तक्रार मात्र बहुतेकांची रंगाविषयी असते. रोपवाटिकेत तांबडे-पिवळे शोभणारे झाड पडवीच्या सावलीत ठेवले की हळूहळू हिरवे पडते. कारण प्रकाश अपुरा पडला म्हणजे तांबडे रंगद्रव्य पुरेसे तयार होत नाही आणि हरितद्रव्याचा अंमल सर्वत्र बसतो. सकाळचे ऊन मुबलक व एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सावली, हाच यावर तोडगा.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, शिवाय चुन्यामुळे लोह झाडास लागू पडत नाही. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका होतो, आणि हौशी माणूस त्या रोगासच शोभा समजतो! तांबडी माती, कुजलेले शेणखत व जाड वाळू यांचे मिश्रण कुंडीत भरून तळाच्या छिद्रावर खापरी ठेवावी.

पौष-माघातील थंडीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की पाने गळू लागतात. ही गळ तहानेची समजून जो पाणी वाढवतो, तो झाडाच्या नाशास स्वतःच कारण होतो. खोडाची साल नखाने खरवडून आत हिरवे दिसले, तर पाणी कमी करून थंड वाऱ्याचा बंदोबस्त करावा आणि स्वस्थ बसावे. उन्हाळ्यात पानांच्या पाठीवर लाल कोळी जाळे विणतो, त्यास पाण्याची जोरदार धार पुरते.

बियांपासून मातृवृक्षाचे रूप हमखास उतरत नाही, म्हणून पावसाळ्यात गुटी बांधण्याचा दस्तूर आहे: पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची दोन-तीन सेंटिमीटर साल वलयाकार काढून, ओले शेवाळ गुंडाळून, वर प्लास्टिक आवळावे. एरंडाच्या कुळातील या झाडाचा चीक त्वचेस झोंबतो, तेव्हा हात लगेच धुवावेत. गुटीसाठी निवडलेली फांदी रंगाने पक्की असावी. रंगीत झाडावर निव्वळ हिरवी फांदी फुटली, तर ती जोमाने वाढून बाकीच्यांस मागे टाकते, यास्तव दिसताक्षणी बुडातून छाटावी.