बाबासाहेबांनंतरचा धम्म

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि लगेच स्वतः लाखो अनुयायांना त्रिशरण, पंचशील व २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर ५३ दिवसांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या वेळीच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायाला दीक्षा दिली. नेता गेला, तरी दीक्षा थांबली नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले.

खरा कस मात्र पुढे लागला. मरीआई, म्हसोबा, खंडोबा सोडले. देव्हाऱ्यातले टाक पाण्यात सोडले. पण उद्या घरात बारसं निघालं, लग्न ठरलं, कुणी वारलं, तर काय करायचं? भिक्खू मोजके आणि गावं हजारो. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथसुद्धा त्यांच्या पश्चात, १९५७ मध्ये इंग्रजीत छापून आला.

ही पोकळी भरली ती गृहस्थांनी. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची धुरा पुढे भैयासाहेब यशवंतराव आंबेडकरांनी वाहिली. महासभेच्या शिबिरांतून बौद्धाचार्य तयार झाले. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून वस्तीतले संस्कार पार पाडणारी ही माणसं. आजही बौद्ध लग्नात ते दिसतात. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्ती, अगरबत्ती. शुभ्र वस्त्रांतले वधू-वर सर्वांसमोर प्रतिज्ञा घेतात, एकमेकांना हार घालतात, जयमंगल अष्टगाथा सुरू होते आणि फुलं पडतात. होम नाही, हुंडा नाही, मुहूर्ताची अट नाही. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. आयाबाया कामं उरकून येऊन बसतात.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. मेलेली ढोरं ओढण्यासारखी गावकीची कामं नाकारली की गाव बहिष्कार टाकी. बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीच्या सवलतीही गेल्या. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्यापुरत्या त्या पुन्हा दिल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळायला १९९० उजाडलं. कागदावर धर्म लिहिला तर शिष्यवृत्ती जाणार, हे ठाऊक असूनही असंख्य आईबापांनी मुलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलं. या निष्ठेची नोंद आपल्या इतिहासात अजून पुरेशी झालेली नाही.

सगळं साधलं, असंही नाही. काही घरांत जुने देव आतल्या खोलीत टिकले. पोटजात पाहून सोयरीक जुळवण्याची सवय पुरती गेली नाही. महारांव्यतिरिक्त इतर दलित जातींतून धम्माकडे आलेले लोक कमीच राहिले. मला देव मानू नका, असं बाबासाहेब वारंवार सांगत. तरी त्यांच्या तसबिरीपुढे नवससुद्धा बोलले जातात. २०११ मध्ये देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. एवढ्या मोठ्या समाजाने या उणिवांवर मोकळेपणी बोलायला हवं. पुरोहित आणि राजाश्रय दोन्ही नसताना ज्यांनी घराघरात नवा धर्म रुजवला, त्यांच्या नातवंडांना ही चर्चा जड जाऊ नये. प्रज्ञा, शील, करुणा ही शिकवण पोटजातीच्या भिंतीपाशी अडली, तर १९५६ चं काम अर्धंच राहील. आणि ते पुरं करण्यासाठी दुसऱ्या नेत्याची वाट पाहण्याची गरज नाही.