जुने सोलर पॅनेल : मोजून घ्या, मोजून विका

सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत पाड्यांवरची घरे लांब लांब, टेकड्यांवर विखुरलेली असतात. विजेची तार पोहोचली तरी पावसाळ्यात तिचा भरवसा नसतो. त्यामुळे एक पॅनेल, एक बॅटरी आणि चार दिवे एवढ्या सामानाला तेथे गिऱ्हाईक आहे. ज्याला नवा संच परवडत नाही, तो जुने पॅनेल शोधतो. वायरमनचे काम शिकलेल्या तरुणांना थोड्या भांडवलात हा धंदा करता येईल. पण कुडाच्या घराला एक ठिणगी पुरते, हे विसरून चालणार नाही.

माल घेताना

पॅनेल लवकर निकामी होत नाही. २५ वर्षांनंतरही सुमारे ८० टक्के वीज देण्याची हमी कंपन्या साधारणपणे देतात. म्हणून दहा-बारा वर्षे वापरलेले पॅनेल उपयोगाचे असू शकते. मात्र काचेला तडा, करपलेले डाग किंवा मागच्या डबीत गंज दिसला, तर तो माल घेऊ नये. विकणाऱ्याकडे बिल मागावे. शेतपंपाच्या सरकारी योजनेतले किंवा रस्त्याच्या दिव्यावरचे पॅनेल स्वस्तात मिळत असले तरी हात लावू नये. चोरीचा माल धंदा बुडवतो. फुटलेले पॅनेल नाल्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलही येते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे.

मोजमाप

बाजारात पुष्कळदा फक्त व्होल्ट दाखवून पॅनेल विकले जाते. येथेच गिऱ्हाईक फसतो. खराब झालेले पॅनेलही व्होल्ट जवळजवळ पुरे दाखवते. कमी पडतो तो अँपिअर. ३६ सेलचे १०० वॅटचे पॅनेल स्वच्छ दुपारी सूर्यासमोर धरले, तर मोकळ्या तारांवर २० ते २२ व्होल्ट दिसावेत. नंतर पॅनेलवर जाड गोधडी टाकून मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागेवर लावावा आणि मग गोधडी काढावी. मीटर सोडवतानाही आधी गोधडी टाकावी. लेबलवर ६ अँपिअर असून मीटरवर ४.८ आले, तर ते पॅनेल ८० वॅटचे समजून त्याच भावाने विकावे. ६० सेलचे पॅनेल ३७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ व्होल्टच्या बॅटरीला ते साध्या कंट्रोलरने जोडल्यास जवळजवळ निम्मी शक्ती वाया जाते. त्याला एमपीपीटी कंट्रोलर लागतो.

जोडणी

पॅनेल थेट बॅटरीला जोडण्याची चूक फार होते. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण १४.४ व्होल्टला भरते. पॅनेल मात्र त्यापुढेही वीज ढकलत राहते. मग पाणी आटते, हायड्रोजन वायू सुटतो आणि बंद खोलीत एखाद्या बिडीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. ६ अँपिअरच्या पॅनेलला १० अँपिअरचा कंट्रोलर पुरतो.

क्रम असा ठेवावा : आधी कंट्रोलरला बॅटरी, मग गोधडीने झाकलेले पॅनेल, शेवटी दिवे. काढताना याच्या उलट. लाल तार धन, काळी ऋण. उलटसुलट झाली तर कंट्रोलर जळतो. बॅटरीच्या धन टर्मिनलजवळच, वीतभर अंतरात, १० अँपिअरचा फ्यूज घालावा. फ्यूज नसेल तर तारा एकमेकींना चिकटताच बॅटरीची सारी ताकद त्या तारेत उतरते आणि आग लागते.

तारेत काटकसर नको. पॅनेल बॅटरीपासून १० मीटरवर असेल, तर १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ६ अँपिअरला सुमारे २ व्होल्ट वाटेतच जातात; ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्धा व्होल्ट. बॅटरी हवेशीर जागी, चुलीपासून व मुलांपासून दूर ठेवावी. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.

हिशेब

८० वॅट देणारे पॅनेल पाच तासांच्या उन्हात ४०० वॅट-तास वीज देते. घट वजा जाता २८० च्या आसपास हाती लागते. ५ वॅटचे चार दिवे पाच तास चालवायला १०० आणि १५ वॅटचा पंखा सहा तास चालवायला ९०, असे १९० वॅट-तास लागतात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी २४० मिळतात. म्हणजे एका कुटुंबाची रात्र निघते. पावसाळी ढगांच्या दिवसांत मात्र पंखा बंद ठेवावा लागेल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

आमचे सांगणे एवढेच, की मोजणी गिऱ्हाइकासमोर करा आणि व्होल्ट, अँपिअर, तारीख पावतीवर लिहून सही करा. फ्यूज व कंट्रोलरशिवाय माल मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. त्या दिवशीचे एक गिऱ्हाईक जाईल, पण डोंगरातून बाजाराला येणारे लोक पुढच्या वेळी तुमचेच दुकान विचारत येतील.