विश्लेषण : काचेच्या विजेच्या किटलीत ‘आपला’ चहा होतो का?

माणगावहून म्हसळामार्गे श्रीवर्धन, हरिहरेश्वर किंवा दिवेआगरला उतरणाऱ्या पर्यटकांच्या खोलीत विजेची किटली ही आता नेहमीची वस्तू झाली आहे. म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातील अनेक घरांत ती आखाती देशांत नोकरीला असलेल्या नातेवाईकांच्या सामानातूनही येते. त्यातही पारदर्शक काचेची किटली दिसायला देखणी असल्याने तिला पसंती मिळते. मात्र, ती घेताना रंग, दिवे आणि आकार पाहिले जातात. घरातला सॉकेट आणि आपली चहा करण्याची पद्धत मात्र पाहायची राहते. किटलीचा उपयोग आणि घराची सुरक्षितता नेमकी याच दोन गोष्टींवर ठरते.

किटली नेमके काय काम करते?

विजेची किटली हे पाणी उकळण्याचे यंत्र आहे. तळातील तापणारे वेटोळे पाणी उकळते. उकळी आली की वाफ झाकणाजवळच्या किंवा मुठीतल्या वाटेने एका पातळ पट्टीपर्यंत पोहोचते. दोन वेगवेगळ्या धातूंची ही पट्टी तापली की वाकते आणि बटण आपोआप बंद होते. म्हणूनच झाकण उघडे राहिले तर वाफ बाहेर जाते आणि किटली बंद होत नाही. किटलीत पाणीच नसेल तर वीज तोडणारी दुसरी सोय चांगल्या किटलीत तळाशी असते. खरेदी करताना या दोन्ही सोयी आहेत का, हे विचारून घ्यावे.

मग दुधाचा चहा त्यात का करू नये?

आपल्याकडे पाणी, दूध, साखर, आले आणि गवती चहा एकत्र उकळण्याची पद्धत आहे. काचेच्या किटलीला ती मानवत नाही. दुधातील प्रथिने तापलेल्या तळाला चिकटून करपतात, साखरही तिथेच चिकटते. शिवाय दुधाचा फेस झरझर वर चढतो. पुरेशी वाफ पट्टीपर्यंत पोहोचून बटण बंद होण्याआधीच दूध उतू जाऊ शकते. ते खालच्या वीजजोडणीत उतरले, तर शॉर्टसर्किट किंवा शॉक बसण्याचा धोका असतो.

दुधाचा चहा हवाच असेल तर किटलीत फक्त पाणी उकळावे. ते चहापूड आणि ठेचलेले आले घातलेल्या भांड्यात ओतून पाच-सहा मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून वेगळे तापवलेले दूध घालावे. चहाची चव पारखण्याच्या ‘आयएसओ ३१०३’ या आंतरराष्ट्रीय मानकातही १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे असेच प्रमाण आहे. उकळून केलेल्या चहाचा दाटपणा त्याला येत नाही, हे मान्य करूनच किटली घ्यावी. कोरा चहा, ग्रीन टी, गवती चहाचा काढा किंवा नुसते गरम पाणी यांसाठी मात्र ती उत्तम.

आतली जाळी उपयोगाची आहे का?

अनेक काचेच्या किटल्यांत चहासाठी स्टीलची जाळी असते. ती मोठ्या, अखंड पानांच्या चहासाठी योग्य असते. आपल्या घरात येतो तो बहुतेक दाणेदार सीटीसी चहा. त्याची बारीक पूड जाळीतून निसटते आणि तळाशी बसते. अशा घराने जाळीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

सॉकेटचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

बाजारातील बऱ्याच किटल्या १५०० वॅटच्या असतात. २३० व्होल्टला त्या सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतात. दिवा-पंख्याच्या बटणांशेजारी असतो तो लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचा. साधे एक्स्टेन्शन बोर्डही बहुधा याच क्षमतेचे असतात. त्यावर १५०० वॅटची किटली रोज चालवली तर पिना आणि वायर तापतात, सॉकेट काळा पडतो आणि पुढे आगीचा धोका निर्माण होतो. म्हणून १५०० वॅट किंवा अधिकची किटली फ्रीज-गिझरसाठी असतो तशा १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावी. तो नसेल आणि नवीन घालायचा नसेल, तर १००० वॅटची किटली निवडावी. तिला सव्वाचार-साडेचार अँपिअर पुरतात. अर्थिंग असलेली तिसरी पिन कोणत्याही किटलीला हवीच.

आखातातून आलेल्या किटलीचे काय?

संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान येथील व्होल्टेज आपल्या जवळपास असते, त्यामुळे तिथली किटली इथे चालते. पण त्यातील अनेक किटल्या २२०० ते ३००० वॅटच्या, म्हणजे साडेनऊ ते तेरा अँपिअरच्या असतात. त्यांचा प्लग तीन चपट्या पिनांचा असतो. तो बसवण्यासाठी स्वस्तातला अडॅप्टर आणून ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये खोचणे, ही सर्वांत धोकादायक पद्धत. जाणकार वायरमनकडून १६ अँपिअरचा प्लग बसवून घ्यावा, अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर जोडलेली असल्याची खात्री करावी आणि त्या सॉकेटची वायर तेवढ्या भाराची आहे का, हेही तपासावे. अमेरिकेतील १२० व्होल्टची किटली मात्र इथे थेट लावूच नये.

घरगुती निवास चालवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. चार खोल्यांत सकाळी एकाच वेळी चार किटल्या लागल्या तर भार ६ किलोवॅट होतो. आपल्या वीजजोडणीचा मंजूर भार तेवढा आहे का, हे बिलावर पाहता येते.

कमी व्होल्टेजने काय होते?

एक लिटर पाणी उकळायला १५०० वॅटच्या किटलीला साधारण चार मिनिटे लागतात. व्होल्टेज १८० पर्यंत उतरले की किटलीची शक्ती जवळपास ४० टक्क्यांनी घटते आणि साडेसहा-सात मिनिटे लागतात. हा किटलीतला दोष नव्हे. दुकानदाराकडे तक्रार नेण्याआधी व्होल्टेज मोजून घ्यावे. घरगुती लहान इन्व्हर्टरवर किटली चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर म्हसळा, श्रीवर्धनच्या अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. त्यामुळे या भागात किटली ही गॅसच्या जोडीला असावी, गॅसऐवजी नव्हे.

खर्चात बचत होते का?

फारशी नाही. एक लिटर पाण्याला साधारण ०.१ युनिट वीज लागते. बिलातील दराने त्याला गुणले की खर्च कळतो. दुसरीकडे, शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर सुमारे १२५० लिटर पाणी उकळते. सिलिंडरच्या किमतीला १२५० ने भागावे आणि तुलना करावी. दोन कप चहासाठी लिटरभर पाणी न उकळणे, हीच खरी बचत. काचेच्या किटलीत पाण्याची पातळी समोर दिसते, हा तिचा फायदा.

काच कशी पारखावी?

काच बोरोसिलिकेट असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. उष्णतेने ही काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे तापमानातील फरक ती अधिक सोसते. आपटल्यास मात्र तीही फुटते. काच आणि स्टीलचा तळ यांचा सांधा नीट पाहावा, कारण गळती तिथूनच सुरू होते. घरी आणल्यावर किटली पाण्याने भरून ती कोरड्या कागदावर तासभर ठेवली की गळती लगेच कळते. काच बाहेरूनही चटका देण्याइतकी तापते. लहान मुले असलेल्या घरात दुहेरी भिंतीची स्टीलची किटली बरी. पाण्यात क्षार असतील तर तळाशी पांढरा थर बसतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेले पाणी उकळून, थोडा वेळ ठेवून ओतून दिले की तो निघतो.

‘आयएस ३६७’ हे किटलीसाठीचे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळता येतो. दुकानात जाण्याआधी घरातील सॉकेटवरचा अँपिअरचा आकडा पाहून जावे आणि किटलीच्या तळावरील वॅटच्या आकड्याशी तो जुळवावा. दोन्ही जुळले तरच पैसे द्यावेत.