मूल कुणाकडे राहणार? आधी स्वतःला हे 3 प्रश्न विचारा

घटस्फोटात फ्लॅट, दागिने, बँकेतले पैसे सगळ्याची वाटणी होते. मूल मात्र वाटून घेता येत नाही. मग नातेवाईक तयार उत्तरं देतात, ‘आईकडेच राहू दे’ किंवा ‘ज्याचा पगार जास्त, त्याच्याकडे द्या.’ तुमच्या घरी असा प्रसंग आला तर जरा थांबा.

समजा, 9 वर्षांची एक मुलगी इंदूरला राहते. बाबा, आजी, शाळा, मैत्रिणी सगळं तिथेच. आईला बंगळुरूत चांगली नोकरी मिळालीय आणि तिला लेकीला सोबत न्यायचंय. आजवर डबा, अभ्यास, आजारपण आईनंच पाहिलं. दोघांचंही तिच्यावर प्रेम आहे. मग निर्णय कसा घ्यायचा?

परिणाम काय होईल?

बेंथम आणि मिल या इंग्रज विचारवंतांच्या मते, ज्यातून सर्वांचं मिळून अधिक भलं होतं तो निर्णय योग्य. म्हणून नवी शाळा, आई ऑफिसात असताना घरी कोण, सुट्टीतला प्रवास यांचा विचार करा. पण सावध राहा. बाबा, आजी आणि आई यांच्या सुखाची बेरीज करताना लेकीचं दुःख झाकलं जाऊ शकतं.

मुलाचा वापर तर होत नाहीये ना?

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1785 मध्ये सांगितलं की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. पोटगी कमी व्हावी म्हणून ताबा मागणं किंवा नवऱ्याला धडा शिकवायला भेट नाकारणं, दोन्हींत मूल हत्यार बनतं. ‘तिकडे माझ्याबद्दल काय बोलतात गं?’ हा प्रश्नही त्यातलाच.

रोजची काळजी कोण घेतं?

कॅरल गिलिगन यांनी 1982 मधल्या आपल्या पुस्तकात हक्कांइतकंच नात्यांना आणि काळजीला महत्त्व दिलं. रात्री ताप आला की मूल कुणाला हाक मारतं? इथे आईची बाजू जड होते. पण आजीशी असलेलं नातंही तुटू देता येणार नाही.

कायदा काय म्हणतो?

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार 5 वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. मात्र मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यानुसार, मूल समजण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याचं मतही विचारात घेऊ शकतं. 2015 मध्ये विधी आयोगानं संयुक्त ताब्याची शिफारस केली होती.

मग या मुलीचं काय?

तिला सांभाळण्याची नीट सोय झाली असेल, तर तिनं आईसोबत जाणं योग्य वाटतं. पण शाळेचं वर्ष इंदूरला पूर्ण करूनच. सुट्ट्या बाबा आणि आजीकडे, रोज व्हिडिओ कॉल, हे सगळं आधीच लिहून ठरवा. सोय झाली नसेल, तर तोवर इंदूरच बरं.

आणि एक करा. ‘तुला कोण जास्त आवडतं?’ असं तिला कधीही विचारू नका. ‘तुला कशाची भीती वाटते?’ असं विचारा आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. निर्णयाचं ओझं मात्र मोठ्यांनीच उचलायचं असतं.