भाचीसाठी कंपायलरचा डबा

माझी भाची सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅबमध्ये अजून टर्बो सी शिकवतात, आमच्या वेळचाच, निळ्या पडद्याचा. डॉसच्या जमान्यातला हा कंपायलर आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाही, डॉसबॉक्समध्ये घालून चालवावा लागतो. प्रॅक्टिकलपुरतं ठीक. पण टर्बो सीमधला इंट दोन बाइटचा. ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे. आजच्या जीसीसीत तो चार बाइटचा. भाचीला सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी चाचणी द्यायची होती, ती जीसीसीवर. हातात तीन आठवडे आणि घरात चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप.

मी शारजात, अल नहदाला. इथलं घड्याळ दीड तास मागे. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. आईला परदेशातून टीव्हीचं सेटिंग सांगितलेल्या कोणालाही कळेल, की फोनवरून कंपायलर बसवून देणं काय प्रकरण असतं.

म्हणून डबाच पाठवायचा ठरवला. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान भरलेला डबा. २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून तो भरणं सोपं झालंय. डबाही पाठवावा लागत नाही, नुसती पाककृती पाठवायची: डॉकरफाइल. माझी चार-पाच ओळींचीच होती. तळाला डेबियन १२, त्यावर बिल्ड-इसेन्शियल, म्हणजे जीसीसी, मेक वगैरे. ती गिटहबवर ठेवली आणि भाचीला कोडस्पेसेस उघडून दिलं. डबा क्लाउडमध्ये चालतो, लॅपटॉपला फक्त ब्राउझर पुरतो.

कोडस्पेसेसच्या तयार डब्यात जीसीसी असतोच. तरी स्वतःचा केला, कारण त्यात इतर दहा भाषांचं सामानही असतं. शिवाय माझ्या पाककृतीचा डबा मी शारजातही चालवू शकतो. तिला आलेली एरर मला इथे जशीच्या तशी दिसते, "काय दिसतंय?" विचारावंच लागत नाही. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली कमाई हीच.

तिने विचारलं, "मामा, अल्पाइन एवढं छोटं आहे, मग डेबियन कशाला?" पोरगी वाचते! अल्पाइनमध्ये सीची लायब्ररी वेगळी, मसल नावाची. डेबियनवर नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला प्रोग्रॅम तिथे नेला, की फाइल डोळ्यांसमोर असूनही 'नॉट फाउंड' म्हणतो. हरवलेला असतो तो प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा लोडर. नवशिक्याची अख्खी रात्र जाते.

पैशांचं म्हणाल तर वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. काम झालं की बंद करायचं, नाहीतर अर्धा तास स्वस्थ बसूनही मीटर चालू राहतो. हे मात्र ताईकडून वदवून घ्यावं लागलं, पंखे बंद करण्याच्या यादीत आता हेही.

जीसीसी १९८७ चा, रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्याच्या पोटात काय चालतं, यावर आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी कार्यशाळा घेतल्या. तिथवरचा रस्ता अजून लांब आहे. सध्या चाचणीला नऊ दिवस उरलेत. काल तिने मला न विचारता डॉकरफाइलमध्ये जीडीबीची एक ओळ वाढवली आणि पॉइंटर कुठे भरकटतोय ते शोधत बसली.