जिताडा आणि सबुरी

पेणच्या बाजारात जिताडा आला की टोपलीभोवती माणसे लगेच जमतात. कुणी दर विचारतो, कुणी नुसताच बघून घेतो. आपल्या खारेपाटात या माशाचा मान मोठा. पाहुणा आला, जावई आला, की जिताडा हवाच. गोव्याकडे यालाच चोणक म्हणतात. बंगालमध्ये म्हणतात भेटकी. दूर ऑस्ट्रेलिया देशातही हाच मासा आहे. तिथे त्याला बारामुंडी म्हणतात आणि तिथेही लोक त्याच्यासाठी तासन् तास काठावर बसतात.

होडी नाही, मोठे जाळे नाही, अशा माणसाला काठावरून जिताडा मिळेल काय? मिळेल. पण त्याला चिकाटी हवी. आता चिकाटी म्हणजे काय, ते आम्ही पेणच्या खाडीवर एका म्हाताऱ्या बाबांकडून शिकलो. तेच इथे सांगतो.

आधी मासा ओळखू या. जिताडा खाऱ्या पाण्यात राहतो, गोड्या पाण्यातही राहतो. पावसाळ्यात मोठे मासे खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला जाऊन अंडी घालतात. पिले भरतीबरोबर खाडीत वर येतात. पेणकडे ती धरमतरच्या खाडीतून अंबा आणि भोगावती नद्यांकडे सरकतात. रोह्याकडे ती रेवदंड्याच्या खाडीतून कुंडलिकेत शिरतात. खाडीच्या कडेची खाजणे, नाले, तिवरांची मुळे ही त्यांची घरे. तिथे खायला कोळंबी आणि बारीक मासळी भरपूर मिळते.

जिताडा भक्ष्याच्या मागे फार पळत नाही. तो दबा धरतो. मांजर उंदराच्या बिळाशी बसते ना, तसा. पाण्याच्या ओढीत एखादा दगड, लाकूड किंवा मूळ असेल, तर त्याच्या आडोशाला तो थांबतो. ओढीबरोबर कोळंबी वाहत आली की तोंड उघडतो आणि गपकन आत ओढतो. म्हणजे मासा स्वतःच सबुरीचा. त्याला पकडायचा तर त्याच्यापेक्षा जास्त सबुरी हवी.

आम्हाला बाबा भेटले ते आश्विन महिन्यात. खारबंदिस्तीतले भात पिवळे पडू लागले होते. बाबांची लेक सासरच्या माणसांना घेऊन कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी यायची होती. बाबांच्या मनात होते, पाहुण्यांच्या ताटात जिताडा पडावा. विकत घ्यायचा तर खिशाला परवडत नव्हता. घराशी तळे नव्हते. होता फक्त एक गळ, लांब दोरी आणि शिशाचा तुकडा.

शुद्ध अष्टमीला बाबा बांधावर जाऊन बसले. काही मिळाले नाही. नवमीलाही नाही. दसऱ्याला ते घरीच राहिले. एकादशीला पुन्हा बसले, रिकामे परतले. वाटेत एक जण हसला. म्हणाला, "बाबा, मासा काय तुमच्या घरचा पत्ता विचारत येनार हाय?"

बाबा रागावले नाहीत. घरी येऊन त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि पेन्सिलीने त्या दिवसाच्या चौकोनात लिहिले, "भांग. पानी गढूळ. काय नाय."

आम्ही विचारले, "काही मिळाले नाही, तेसुद्धा लिहून ठेवता?"

बाबा म्हणाले, "तेच तर लिवायचं. मिलाला त्यो दिस आपसूक ध्यानात ऱ्हातो. नाय मिलाला त्यो इसरतो."

बाबा म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकले. तेव्हापासून त्यांनी दर वर्षीची कॅलेंडरे जपून ठेवली आहेत. ती उलगडून त्यांनी आम्हाला दाखवली. ज्या ज्या दिवशी जिताडा लागला, ते दिवस बहुतेक पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपासचे. वेळ ओहोटीची. जागा उघाडीच्या तोंडाची.

याचे कारण समजून घ्या. पुनवेला आणि अवसेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रांगेत येतात. चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ मिळून समुद्राला मोठी भरती येते. हेच उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ वाटली जाते. तेव्हा पाणी कमी चढते, कमी उतरते. त्याला आपण भांग म्हणतो. उधाणात पाण्याला जोर असतो, म्हणून भक्ष्यही जास्त वाहते.

आता उघाडी. खारबांधाला जागोजाग उघाडी असते. तिची झडप भरतीच्या पाण्याने मिटते आणि खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की शेतातले पाणी झडप ढकलून खाडीत जाते. त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते. जिताड्याला हे ठाऊक असते. तो बाहेर वाट बघत थांबतो.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे. तिथीला 3 ने गुणा आणि 4 ने भागा. पंचमी घेऊ. 5 गुणिले 3 म्हणजे 15. त्याला 4 ने भागले की पावणेचार. म्हणजे पंचमीला सुमारे पावणेचार वाजता भरती पुरी होते. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी. वद्य पक्षातही हिशेब हाच, प्रतिपदेपासून पुन्हा 1 धरायचा. हा हिशेब समुद्रकाठचा. खाडीत जितके आत जाल, तितके पाणी उशिरा चढते. आपल्या गावी किती उशीर होतो, ते एकदा घड्याळ लावून बघावे आणि लिहून ठेवावे.

द्वादशीला बाबांना एक गोष्ट दिसली. पावसाळ्यात उघाडीपुढचा गाळ सरकला होता. पाण्याची ओढ आता डाव्या अंगाने जात होती आणि बाबा अजून गेल्या वर्षीच्या जागीच बसत होते! त्यांनी जागा बदलली.

त्रयोदशीला गळ ओढला गेला. बाबांनी दोरी आवळली. वर आला तो जिताडाच, पण जेमतेम वीतभर. इतक्या दिवसांत पहिला मासा. घरी पाहुणे यायचे. आम्हाला वाटले, बाबा हा ठेवतील. बाबांनी हात ओला केला, गळ हळूच सोडवला आणि पिलू पाण्यात सोडले.

आम्ही म्हटले, "बाबा, उद्याही नाही मिळाला तर?"

"तर वरन-भात करू," बाबा म्हणाले. "पन ह्याला आज खाल्ला, तर नातवानं बसायचं कुठं?"

बाबांचे बोलणे खरे आहे. जिताड्याची एक नवलाची गोष्ट शास्त्रज्ञांनी शोधली आहे. बहुतेक जिताडे आधी नर असतात. काही वर्षे वाढल्यावर, मोठे झाल्यावर, त्यांतले पुष्कळसे मादी होतात. एक मोठी मादी लाखो अंडी घालते. वीतभर पिलू मारले तर त्याला एकदाही वीण करायला मिळत नाही. आणि सगळे मासे लहानपणीच मारले, तर मादी व्हायला कोण उरणार?

चतुर्दशी रिकामी गेली. पुनवेला हिशेबाने भरती सव्वाअकराची. खाडीत आत ती आणखी उशिरा. बाबा जेवून निघाले. गळाला जिवंत कोळंबी लावली. गळाचे टोक नखावर घासून पाहिले. बांधावर पाय न आपटता बसले, कारण बांधावरची धमक पाण्यात जाते.

ओहोटीला जोर आला. उघाडीतून पाणी वाहू लागले. तास गेला. दीड तास गेला. मग पाण्यात "थप" आवाज झाला आणि दोरी सरसर निघाली. बाबांनी थोडी जाऊ दिली आणि मग आवळली. जिताडा पाण्याबाहेर उसळला, डोके झटकले. या वेळी दोरी सैल पडली की मासा गेलाच. बाबांनी ती ताणून धरली. तो ओढी तेव्हा देत, तो दमे तेव्हा घेत. शेवटी आम्ही हातजाळी खाली धरली आणि मासा वर आला. हातभर लांब, चांदीसारखा चकचकीत.

आम्ही कल्ल्यात बोटे घालणार, तोच बाबा ओरडले, "हात कापंल!" जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. दोरीसुद्धा कापते.

त्या रात्री कॅलेंडरात बाबांनी लिहिले, "पूनव. ओहोटी. डावी बाजू. मिलाला."

तर मंडळी, सबुरी म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे. काल काय चुकले ते बघणे, आज बदलणे आणि उद्या पुन्हा जाणे, म्हणजे सबुरी. शेतीत तेच, शिकण्यात तेच.

पण सबुरी सुटली की माणूस वाईट वाटेला लागतो. कुणी माशासाठी भरतीत उघाडीची झडप उघडून ठेवतो. खारे पाणी आत शिरते आणि साऱ्या गावाचे भात जळते. जमिनीतले मीठ धुऊन जायला पावसाळे जावे लागतात. कुणी पाण्यात विषारी औषध टाकतो. त्याने मोठ्याबरोबर पिलेही मरतात. नदीत कारखान्याचे आणि गावाचे घाण पाणी तसेच सोडले, तरी हेच होते. एका दिवसाच्या माशासाठी खाडी मारू नये.

ज्याच्या दाराशी तळे आहे त्याला दुसरीही वाट आहे. आपल्याकडे खाडीतली पिले तळ्यात सोडून वाढवायची चाल जुनी आहे. 1997 साली चेन्नईच्या सरकारी संशोधन संस्थेने बंदिस्त पाण्यात जिताड्याची वीण करून दाखवली. त्यामुळे आता पिले केंद्रातही तयार होतात. एवढे मात्र ध्यानात ठेवा की मोठा जिताडा लहान जिताड्याला खातो. म्हणून तळ्यात सारख्या आकाराची पिले सोडावीत.

आणि काठावर बसणाऱ्यांनी जिवाला जपावे. चिखलात एकटे खोल जाऊ नये. उघाडीच्या अगदी तोंडाशी उभे राहू नये. विजा कडाडत असतील तर घरी परतावे. मासा उद्याही येईल.

तुमच्या घरी कॅलेंडर असेल. आज कोणती तिथी आहे ते त्यात बघा. 3 ने गुणा, 4 ने भागा आणि भरतीची वेळ त्या चौकोनात लिहा. मग खाडीवर जाऊन हिशेब जुळतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.