नाक चोंदलंय? ‘एन्झाइम’ची गोळी घेण्याआधी हे वाचा

सोनारी (ता. परंडा) : ज्वारीची रास सुरू झाली की शिवारात धूळ उडते आणि घराघरांत नाकं चोंदतात. कपाळ ठणकतं, गालांवर दाब येतो. मग मेडिकलमधून ‘सूज उतरायची गोळी’ आणली जाते. तिच्यात अनेकदा सेराशिओपेप्टिडेज असते. तिने कफ खरंच पातळ होतो का?

हे एन्झाइम काय आहे?
प्रथिने तोडणारा पदार्थ. रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळाले. अननसाच्या बुंध्यातले ब्रोमेलेनही त्याच जातीचे. शेंबडाला चिकटपणा येतो तो प्रथिनांमुळे. ती तुटली की तो पातळ होईल, असा तर्क आहे.

मग अडचण कुठे?
एन्झाइम स्वतःच प्रथिन असल्याने पोटातल्या आम्लात नष्ट होते. त्यासाठी गोळीला खास आवरण देतात. तरीही सायनसपर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न उरतोच. जपानच्या टाकेदा कंपनीने फेरचाचण्यांत हे औषध आणि औषध नसलेली गोळी यांत फरक न दिसल्याने 2011 मध्ये ते बाजारातून मागे घेतले. ब्रोमेलेनबाबतचे पुरावेही तोकडेच आहेत. नुसता अननस खाऊन सायनस मोकळा होत नाही.

कोणी सावध राहावे?
रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. या गोळीत बहुधा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅकही असते. त्यामुळे अल्सर, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ती परस्पर घेऊ नये.

घरी काय करावे?
मिठाच्या पाण्याने नाक धुणे. एक लिटर पाण्यात सुमारे 9 ग्रॅम मीठ. पाणी उकळून गार केलेलेच हवे. बोअरचे किंवा नळाचे थेट वापरू नका. नाक मोकळे करणारे थेंब आठवडाभराहून जास्त घातले तर नाक उलट जास्त चोंदते.

डॉक्टरांकडे कधी?
दहा दिवसांत बरे वाटले नाही, तर. डोळ्याभोवती सूज, अंधुक किंवा दोन-दोन दिसणे, तीव्र डोकेदुखी, जोराचा ताप असेल, तर त्याच दिवशी. मधुमेहींनी तर अजिबात थांबू नये. 2021 मध्ये कोरोनानंतर राज्यात पसरलेल्या ‘काळ्या बुरशी’ची सुरुवात अनेकांत नाक चोंदण्यानेच झाली होती.